अण्णांची डबल बेल

काचेच्या दारापलीकडच्या रखवालदाराने आधी मला नीट न्याहाळलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि तो हसला. दार काही उघडलं नाही.

उशीर झाला म्हणून बोलणी खाल्लेली माणसं मी ढिगाने पाहिली होती. लवकर आली म्हणून बाहेर कुडकुडत उभी केलेली मी एकटीच. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. गाव आयर्लंडमधलं कॉर्क. म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये मी नर्स म्हणून लागले होते, त्याला दोन महिने होत आले होते. ड्यूटी साडेसातची, आणि माझ्या हिशेबाने साडेसातला पाच मिनिटं कमी होती. घड्याळात मात्र साडेसहासुद्धा वाजले नव्हते.

दोष माझा होता, दुसऱ्या कुणाचा सांगू? मिरजेहून निघताना मी ठरवूनच आले होते की फोनला हात लावायचा नाही. फोनमधलं घड्याळ भारताचंच ठेवायचं. अण्णा आत्ता जेवत असतील, अण्णा आत्ता कट्ट्यावर असतील, हे बघता क्षणी कळलं पाहिजे. इथली वेळ काय, साडेचार तास वजा केले की झालं! पाढे म्हणत वाढलेली पोरगी मी, मला वजाबाकी कोण शिकवणार? पण त्या आदल्या रात्री त्या अख्ख्या देशाने आपली घड्याळं एक तास मागे घेतली होती. थंडी आली की घेतात म्हणे. सगळ्यांच्या फोनने आपापलं बदलून घेतलं, माझा एकटीचा मिरजेतच राहिला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एकदा वाजून बंद. लगेच पुन्हा एकदा वाजून बंद. अण्णा.

हे आधी सांगायला हवं. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, मिरज डेपोला. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला, हा नियम त्यांनी गाडीत पाळला तो पाळलाच, वर घरातही आणला. जेवताना ताटावर वाटी एकदा वाजली की आईने समजायचं पुरे, दोनदा वाजली की आणखी वाढ. आई वैतागून म्हणायची, "तोंड दिलंय ना देवानं?" पण वाढायची. मग मोबाइल आले आणि मिस कॉलची सोय अण्णांना आपल्यासाठीच काढलीय असं वाटलं. मी सांगलीला नर्सिंगला होते तेव्हापासून रोज दुपारी बाराला, जेवायला बसण्याआधी, त्यांचे दोन मिस कॉल येत. डबल बेल. सगळं ठीक आहे, तू चल पुढं. उलटा फोन करायचा नाही. आणि एकच आला तर हातातलं टाकून फोन करायचा. एकच असा त्यांनी आयुष्यात एकदाच दिला होता, आई गेली तेव्हा.

परदेशी येतानाही व्यवस्था तीच ठेवली. अण्णांचा फोन बटणांचा. काचेवर बोट घसरवायचं त्यांना जमत नव्हतं, पटतही नव्हतं. म्हणून माझं जुनं सिम मी चालू ठेवलं होतं. तिथल्या दुपारी बाराला, म्हणजे इथल्या सकाळी साडेसातला, ड्यूटीच्या दारात पाय ठेवताना माझ्या खिशात डबल बेल वाजायची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

त्या दिवशी निघेना. मी नियम मोडला आणि उलटा फोन लावला.

"काय गं मंजे?" अण्णा दचकलेच. "डबल दिली ना मी? एकच पोचली काय?"

"दोन्ही पोचल्या."

"मग?"

"काही नाही. सहज."

"सहज? रडतीस काय गं तू?"

रडत होतेच. नाक गळत होतं ते थंडीने की कशाने, मलाही सांगता आलं नसतं. सगळं एकदम बाहेर पडलं. इथे सकाळी उजाडता उजाडत नाही, लोक काय बोलतात ते निम्मं कळत नाही, आज तर मला दारातसुद्धा घेतलं नाही. आणि दिवसभर मी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना हाताने भरवते, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, आणि माझा बाप तिकडे एकटा भाकरी थापतोय.

"भाकरी मी चांगली थापतो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, परत येऊ काय मी?"

मागे कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली. मला वाटलं आता रागावतील. माझं परदेशी जायचं ठरलं तेव्हा नको म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांशी भांडले होते ते. पण रागावले नाहीत.

"मला फोनवर सुचत न्हाई गं," ते म्हणाले. "आज विचार करतो. उद्या बाराला बेल देतो. एक दिली तर गाडी थांबली, पुढचं काय बघायचं न्हाई, सरळ ये. दोन दिल्या तर चल म्हणायचं. मग हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. चालंल?"

"चालेल."

"आत जा आता, गारठशील."

आत कशी जाऊ, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. दहाएक मिनिटांनी रखवालदारालाच दया आली आणि त्याने दार उघडून मला चहा दिला. दुधाचा थेंब टाकलेला, बेचव. तरी मी तो देवाचं तीर्थ घ्यावं तसा घेतला.

संध्याकाळी खोलीवर ही हकिगत ऐकून रेहाना पोट धरून हसली. रेहाना मुजावर कराडची, माझ्याच केअर होममध्ये, तीन वर्षं आधी आलेली. आम्ही दोघी मिळून एक घर भाड्याने घेऊन राहत होतो आणि घराची मालकीण असल्यासारखी ती माझ्यावर ओरडायची.

"आण तो फोन इकडं," ती म्हणाली.

"कशाला?"

"तू आलीस इथं, तुझा फोन अजून मिरजेत बसलाय. त्याला आणते."

"राहू दे गं. उद्या अण्णांनी एक बेल दिली की मी जाणार आहे परत. कशाला बदलाबदल?"

"गेलीस तर पुन्हा बदलू. फोनच आहे, भिंत नाही पाडायची." आणि तिने हातातून काढून घेतलाच.

आधी घड्याळ. एक बटण दाबलं आणि माझी मिरजेची वेळ गेली, तिथे कॉर्कची आली. मग तिने हवामान उघडलं. "हे बघा! मिरज, कडक ऊन. आणि बाई रोज छत्री विसरून भिजत येतात." तेही बदललं. इथल्या बसचं ॲप टाकलं, कोणती गाडी किती मिनिटांत थांब्यावर येतेय ते दाखवणारं. दोन सिमना तिने नावं दिली. जुन्याचं नाव मिरज, नव्याचं कॉर्क. इंटरनेट कॉर्कवर, मिरजेवर नुसते येणारे कॉल आणि बँकेचे ओटीपी.

"हे गॅस बुकिंगचं काय करायचं? काढू?"

"हात लावू नकोस. अण्णांचा सिलिंडर मीच इथून लावते."

"बरं, राहू दे. आणि हे काय गं? दोनशे बारा मेसेज?"

तो आमचा नातेवाइकांचा ग्रुप. मिरजेत उजाडलं की आमच्या तमाम आत्या, माम्या, काकू गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवायला लागायच्या. इथे तेव्हा ऐन झोपेची वेळ. मी आवाज बंद करायला घाबरायचे, न जाणो अण्णांची एक बेल आली तर! म्हणून प्रत्येक गुलाबाला मी दचकून उठत होते.

"म्हणून तुझं डोकं ठिकाणावर नाही," रेहाना म्हणाली. "झोपच नाही तुला. हे बघ, ही सोय असते. रात्री दहा ते सकाळी सात फोन गप्प बसेल. अण्णांचा फोन कधी येतो?"

"साडेसातला."

"झालं तर मग. सातला आपोआप सुरू होतो. आज झोप जरा."

आता ऐका आमची हुशारी. घड्याळं एक तास मागे गेली होती. त्यापायीच मी त्या सकाळी दारात उभी राहून रडले होते. म्हणजे अण्णांचे बारा आता इथल्या साडेसातला नव्हे, साडेसहाला वाजणार होते. आजही बेल साडेसहालाच आली होती. पण दोन शिकल्यासवरल्या नर्सा समोरासमोर बसलेल्या, एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला असता तर ही गोष्टच झाली नसती.

त्या रात्री दोन महिन्यांत पहिल्यांदा मी गाढ झोपले. गुलाब नाही, सुविचार नाही, काही नाही.

सकाळी जाग आली ती फोनच्या आवाजाने. खोलीत अजून अंधार. फोन खिडकीच्या फळीवर होता, कारण जुन्या सिमला तिथेच बरी रेंज मिळायची. एकदा वाजला आणि बंद झाला. मी श्वास रोखून पडून राहिले. आता दुसरी येईल. आता येईल. खाली रस्त्यावरून कुणीतरी कुत्र्याला घेऊन गेलं. दुसरी आली नाही.

एकच!

खरं सांगते, त्या क्षणी मला काय वाटलं ते आजही जसंच्या तसं आठवतं. अंगावरून पोतं उतरवून ठेवावं तसं झालं. मी उशीत तोंड घालून हसले, मग रडले, मग उठून तडक स्वयंपाकघरात गेले. रेहाना लवकर उठून चहा टाकत होती.

"अण्णांनी एक दिली," मी म्हटलं. "मी चालले."

ती वळली नाही. चहात आलं किसत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "ह्या घरात मला एकटीला ऐसपैस होईल." तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मग म्हणाली, "तिकीट बघून घे आधी. दिवाळीच्या तोंडावर विमानं भरलेली असतात."

मी खोलीत जाऊन फोन उचलला. पडद्यावर मिस कॉल दिसत होता. अण्णा. आणि नावापुढे कंसात दोनचा आकडा.

"रेहाना!" मी ओरडले. ती किसणी हातात घेऊनच धावत आली. "हे दोन कसले? मी एकच ऐकली. शपथ, एकच वाजली!"

तिने पाहिलं, मग घड्याळ पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, अजून सात वाजले नाहीत! फोन गप्प होता."

"गप्प होता तर एक तरी कशी वाजली?"

"ते तसंच असतं. पहिला फोन तो दाबून टाकतो. त्याच माणसाने थोड्या वेळात दुसऱ्यांदा केला तर मात्र वाजवतो. माणूस पुन्हा करतोय म्हणजे काहीतरी निकडीचं असणार, असं समजतो."

"निकडीचं? आमच्यात दुसरी बेल म्हणजे सगळं ठीक!"

"ते फोनवाल्याला काय माहीत? तो कधी एसटीत बसलाय?"

एरवी मी हसले असते. पण दोन म्हणजे चल. दोन म्हणजे विषय बंद. अण्णांनी मला परत बोलावलंच नव्हतं. मी खाटेवर बसले. पाच मिनिटांत मी मिरजेला जाऊन, अण्णांच्या हातची भाकरी खाऊन आलेसुद्धा होते, आणि आता पुन्हा इथे.

रेहाना शेजारी बसून फोन चाळत होती. तिने त्या कंसावर बोट ठेवलं तसे दोन्ही कॉल खाली उलगडले. ती म्हणाली, "मंजिरी, तुझे अण्णा दोन बेलांत एवढं थांबतात?"

"कसलं थांबतात? पहिली संपते न संपते तोच दुसरी. बत्तीस वर्षांची सवय आहे."

"मग हे बघ."

पहिला कॉल साडेसहाच्या ठोक्याला, म्हणजे अण्णांच्या बाराला. दुसरा त्यानंतर दहा मिनिटांनी.

मी ते कितीतरी वेळ बघत राहिले. दहा मिनिटं! अण्णांचा हात घंटीच्या दोरीवर कधी अडखळला नव्हता. मागे भरलेली गाडी, घाटाचा रस्ता, पावसाळा, काही असो. मग ही डबल बेल होती का, की सुट्या सुट्या दोन सिंगल? मी फोन लावला.

"अण्णा, खरं सांगा. एक की दोन?"

"दोन पोचल्या न्हाईत काय?"

"पोचल्या. पण मधे दहा मिनिटं होती."

अण्णा मग म्हणाले, "ते बी दिसतंय काय त्यात?"

"सगळं दिसतं."

"लई आगाऊ असतंय ते यंत्र," ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "मंजे, म्हैसाळच्या गाडीवर होतो मी, तेव्हाची गोष्ट. तू लहान होतीस. स्टँडातनं गाडी निघाली आणि एक म्हातारा हात वर करून मागनं पळत आला. मी एक बेल दिली. गाडी थांबली. म्हटलं, चढा बाबा, कुठं जायचं? तर म्हणतो, मला न्हाई जायचं. लेक बसलीय आत, सासरी निघालीय, एकदा बघायची राहिली. माझा ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. मी म्हटलं, थांब जरा. म्हाताऱ्यानं खिडकीतनं लेकीच्या तोंडावरनं हात फिरवला. मग मी डबल दिली."

रेहाना माझ्या खांद्याला खांदा लावून ऐकत होती, तिने नाक ओढलं.

"पहिली बेल मी त्या म्हाताऱ्यासारखी दिली बघ," अण्णा म्हणाले. "ये म्हणून. खरंच ये म्हणून दिली. मग ताट वाढून घेतलं, तर घास उतरेना. म्हटलं, गाडी माझ्या लेकीची, तिच्या जिवावर तिथं किती म्हातारी माणसं बसल्यात, आणि आपण इथं रस्त्यात आडवं पडलोय. म्हणून एकीत एक घातली. झाल्या दोन."

"झाल्या नाहीत," मी म्हटलं. कुठून आलं कुणास ठाऊक, पण मी कंडक्टरची पोरगी. "थांबलेली गाडी सोडायला डबल लागते, अण्णा. तुम्हीच शिकवलंय. एक बेल देऊन थांबवलीत, मग पुढे दोन द्यायला हव्यात. तुम्ही एकच दिलीत."

"लागती," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

"मग आणखी एक का नाही दिलीत?"

"हात गेला न्हाई गं."

एवढा मोठा माणूस, भावाशी नि भावकीशी भांडून मला विमानात बसवणारा, एक बटण दाबायला त्याचा हात गेला नव्हता. मला हुंदका आला आणि त्याच वेळी आत कुठेतरी लख्ख झालं. अण्णांना मी हवी होते. दोन महिने मला हेच तर कळत नव्हतं. रोजच्या डबल बेलने मला वाटायला लागलं होतं की त्यांचं माझ्याशिवाय उत्तम चाललंय. तसं नव्हतं. माझ्याइतकंच त्यांनाही जड जात होतं, आणि तरी ते रोज बाराला चल म्हणत होते.

"अण्णा," मी म्हटलं, "आता द्या."

"काय?"

"डबल. माझी बस आहे सात दहाला."

"खरंच देऊ?"

"द्या. आणि ऐका, उन्हाळ्यात तुम्ही इकडे यायचं. पासपोर्टला अर्ज टाका उद्याच."

"मी? विमानात?" अण्णा खोकले. पण नाही म्हणाले नाहीत. "तिथल्या गाड्यांना कंडक्टर असतो काय गं?"

"नसतो. ड्रायव्हर एकटाच."

"मग गाडी सोडतो कोण?" त्यांना खरीच काळजी वाटली. "यायला पाहिजे एकदा. बघायला पाहिजे. बरं, ठेव. देतो."

"अण्णा, थांबा! दोन मिनिटं थांबा. आधी एक सेटिंग बदलते, नाहीतर पुन्हा एक गिळेल हा."

रेहानाने आधीच फोन ओढून घेतला होता. ज्यांचा फोन कधीच दाबायचा नाही अशा माणसांची तिथे एक जागा असते. ती रिकामी होती. तिने तिथे अण्णा घातले आणि फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधोमध ठेवला. चहा केव्हाच उतू जाऊन शेगडीवर पसरला होता. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

फोन वाजला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, अण्णा, मिरज. वाजून बंद झाला.

आणि पहिली संपते न संपते तोच दुसरी वाजली.

"चल," रेहाना डोळे पुसत म्हणाली, "छत्री घे."

मी छत्री घेतली, बूट चढवले आणि फोनमध्ये पाहिलं. माझी बस थांब्यापासून चार मिनिटांवर होती. मी पळत सुटले.